आरोग्य मानसशास्त्र वेबवरून शिकवताना: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातले इंटर्न, नर्सिंगचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?" इथून होते. त्याचं उत्तर चौथ्या प्रश्नात आहे आणि ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर ५, ८ आणि १६ एवढे तरी वाचा.

१. आरोग्य मानसशास्त्र म्हणजे सायकियाट्रीच ना? ती तर पोस्टिंगमध्ये असतेच.

नाही. सायकियाट्री मानसिक आजाराचं निदान आणि उपचार करते. आरोग्य मानसशास्त्राचा रुग्ण बहुधा मेडिसिनच्या, सर्जरीच्या किंवा प्रसूतीच्या ओपीडीत बसलेला असतो. डोकं दुखायचं थांबलं म्हणून बीपीची गोळी बंद केलेला आंबा बागायतदार, पायाची जखम महिनाभर घरीच बांधून ठेवणारी मधुमेही बाई, हिरड्या सुजल्या तरी मिश्री न सोडणारी आजी. त्यांना कोणता आजार आहे हे डॉक्टरला कळलेलं असतं. ती माणसं अशी का वागतात आणि डॉक्टरच्या बोलण्याने त्यात काय फरक पडतो, याचा अभ्यास म्हणजे हा विषय.

१९७७ साली जॉर्ज एंगेल या अमेरिकी डॉक्टरने आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी बघायला हवं अशी मांडणी केली. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हणजे विषय तसा तरुण आहे. आपल्याकडे तो वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेला असतो, त्यामुळे सगळ्यांनाच वाटतं की तो दुसऱ्या कुणीतरी शिकवला असेल.

२. हे वर्गातही शिकवता येतं. मग वेबचा घाट कशाला?

कारण ज्या दिवशी हा विषय हवा असतो, त्या दिवशी विद्यार्थी वर्गात नसतो. तो एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, आणि समोरचा माणूस "माका काय होणा नाय" म्हणत केसपेपर खिशात घालून निघालेला असतो. त्या घडीला वर्गातलं व्याख्यान होऊन एक-दोन वर्षं उलटलेली असतात आणि शिकवणारी व्यक्ती दुसऱ्या तालुक्यात असते. मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत पसरलेल्या मुलांना दर आठवड्याला एका खोलीत बसवायचं तर त्यांची निम्मी शक्ती एसटीतच खर्च होईल.

दुसरं कारण माणसांचं. हा विषय शिकवू शकणारे मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ किनाऱ्यावर मोजकेच आहेत. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे खरं, पण तिथल्या तज्ज्ञांच्या ओपीडीची रांग बघितली की त्यांना व्याख्यानासाठी ओरोसला बोलावण्याचा धीर होत नाही. त्यांच्याकडून एकदा दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून घेणं जमण्यासारखं असतं.

३. वेबवरून शिकलेलं टिकतं का?

कशाशी तुलना करता त्यावर अवलंबून. २००८ मध्ये डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी आरोग्यशिक्षणातल्या इंटरनेट-आधारित अध्यापनाचे २०१ अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत परिणाम मोठा दिसला. नेहमीच्या वर्गाशी तुलना केली तेव्हा फरक थोडा आणि विस्कळीत निघाला. म्हणजे वेब वर्गापेक्षा आपोआप सरस नाही आणि आपोआप कमीही नाही. त्यावर तुम्ही काय करायला लावता, त्याला महत्त्व आहे.

काय करायला लावावं याचा चांगला पुरावा मात्र आहे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून तासाभराचं व्याख्यान अपलोड करून "बघितलं का?" असं विचारणं वाया जातं. तेच काम चार आठवड्यांवर पसरून, दर वेळी आधीचं आठवायला लावून करा.

४. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००२ पासून चालू आहे, आणि त्याच्या मोबाइल ॲपवर धडा उतरवून घेऊन नेटशिवाय वाचता येतो. कॉलेजच्या सर्व्हरवर ते कदाचित आधीच बसवलेलं असेल, आयटीवाल्यांना विचारा. "रुग्ण असं म्हणाला, तुम्ही काय म्हणाल?" अशा फाटे फुटणाऱ्या संवादांसाठी त्यातच एचफाइव्हपी हे संवादी धडे बनवायचं साधन वापरता येतं. मूडल नसेल तर गुगल फॉर्म आणि सामायिक फोल्डर यांवरही भागतं.

व्हॉट्सॲप फक्त सूचनांसाठी ठेवा. चर्चा त्यावर नेली की दुसऱ्या दिवशी ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कुणीतरी रुग्णाच्या जखमेचा फोटो टाकतोच.

५. आमच्या केंद्रावर नेट चालत नाही. पावसाळ्यात तर वीजही नसते. मग?

मग व्हिडिओ विसरा आणि आवाज वापरा. हे हिशेबाने पटतं. ५०० केबीपीएसचा साधा व्हिडिओ तासाला सुमारे २२५ एमबी खातो. ६४ केबीपीएसची एमपीथ्री तासाला २९ एमबीच्या आत बसते. सहा मिनिटांचं संभाषण तीन एमबीसुद्धा होत नाही. रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं त्या वाडीतही एवढी फाइल उतरते, आणि एकदा उतरली की वीज नसताना, गाडीत, रात्रपाळीत, कुठेही ऐकता येते.

आवाजाला आमचं प्राधान्य नेट कमकुवत म्हणूनच आहे असंही नाही. हा विषयच ऐकण्याचा आहे. रुग्ण किती वेळ थांबला, डॉक्टरने त्याचं वाक्य कुठे तोडलं, "हो हो" म्हणताना आवाज कसा पडला, हे डोळे स्लाइडवर असले की निसटतं. चांगलं नेट असलेल्या कॉलेजनेही संभाषणं आवाजातच द्यावीत असं आमचं मत आहे.

बाकी काही साधे नियम. कोणतंही काम त्याच दिवशी सादर करण्याची अट नको, किमान आठवड्याची मुदत हवी. प्रश्नावली एका पानावर एकच प्रश्न अशी ठेवू नका, कारण प्रत्येक पानाला नेट लागतं आणि मध्येच तुटलं की मूल वैतागून सोडून देतं. जून ते सप्टेंबर थेट ऑनलाइन तास ठेवायचाच असेल तर तो ऐच्छिक असावा आणि त्याचं रेकॉर्डिंग मागाहून द्यावं. ज्याची लाइट गेली त्याचे गुण कापणं म्हणजे महावितरणची परीक्षा घेण्यासारखं आहे.

६. एका आठवड्याचं काम नेमकं कसं असतं?

सोमवारी एक ध्वनिफीत येते, पाच-सहा मिनिटांची, अर्धवट तुटलेली. समजा एक बाई सांगते आहे की तिने इन्सुलिन थांबवलं. डॉक्टर विचारतो, "का?" आणि तिथे फीत संपते. बुधवारपर्यंत प्रत्येकाने पुढचं एक वाक्य लिहायचं. सल्ला लिहायचा नाही, डॉक्टर म्हणून जे तोंडाने बोलाल तेच वाक्य. गुरुवारी सगळ्यांची वाक्यं नावाशिवाय समोर ठेवली जातात आणि संभाषणाचा उरलेला भाग उघडतो. मग संकल्पना वाचायची, दोन-तीन पानं. रविवारपर्यंत स्वतःच्या ओपीडीतलं तसंच एखादं संभाषण आठवून चार ओळी लिहायच्या.

संकल्पना शेवटी येते हे काहींना खटकतं. पण आधी सिद्धांत सांगितला की मुलं सिद्धांताला शोभेल असं उत्तर लिहितात. आधी वाक्य लिहायला लावलं की त्यांची खरी सवय बाहेर येते: "असं करून कसं चालेल, आजी?"

७. लेखी चर्चेत सगळे "छान मुद्दा मांडलात" लिहून मोकळे होतात. काय करावं?

प्रश्न बदला. "रुग्णाच्या औषधपालनावर परिणाम करणारे घटक सांगा" असं विचारलं तर गाइडातली यादीच येणार. "या बाईने गोळी का सोडली याचं असं कारण सांगा, जे तिच्या नवऱ्याला माहीत नाही" असं विचारलं की मुलं विचारात पडतात. दुसरं, आपलं उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसू नयेत. मूडलमध्ये ही सोय आहे. तिसरं, गट आठ-दहा जणांचाच असावा.

शिक्षकाने रोज उत्तरं देत बसू नये. आठवड्यातून एकदा, दोन विरुद्ध उत्तरं शेजारी ठेवून "यातलं कोणतं ऐकून रुग्ण परत येईल?" एवढंच विचारलं तरी चर्चा पुढे सरकते. आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलं लेखी चर्चेत बरंच काही लिहितात, त्यात मुंबई-पुण्याच्या इंग्रजीपुढे गप्प बसणारी इथली मुलं पुष्कळ. त्यांना मराठीत, मालवणीत लिहू द्या.

८. केसेस कोकणातल्याच का? परीक्षेत तर पुस्तकातल्या येतात.

कारण सिद्धांत पुस्तकात असला तरी त्याचा प्रत्यय इथल्या माणसातच येतो. आरोग्य-श्रद्धा प्रारूप घ्या. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं: क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट आणि जवळच मिळत असूनही लोक का येत नाहीत? त्यातून हे प्रारूप आलं. मला हा आजार होईल का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा किती, त्यात अडचण काय, आणि आत्ता हलायला निमित्त काय, असे त्याचे प्रश्न.

आता हे लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात आणा. लेप्टो (चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून आशाताई आठवड्याची डॉक्सिसायक्लिनची गोळी घरी आणून देते. गोळी फुकट, दारात. तरी ती फळीवर पडून राहते. "बापजाद्यांपासून चिखलात उभो आसय, माका काय झाला?" हा धोका वाटण्याचा प्रश्न. "गोळयेन पोटात जळजळता" ही अडचण. शेजारच्या वाडीत कुणी तापाने गेला की दुसऱ्या दिवशी सगळी वाडी गोळी मागते, हे निमित्त. अमेरिकेतल्या एक्स-रेचं कोडं पाठ करणाऱ्या मुलाला हे एकदा दाखवलं की परीक्षेतही तो चांगलं लिहितो.

अशा केसेस इथे हव्या तेवढ्या आहेत. दोडामार्गात २०१६ पासून गोचिडातून पसरणारा माकडताप आहे आणि त्याचा हंगाम काजूच्या हंगामाशी जुळतो, त्यामुळे गोचिडाच्या भीतीने बागेत न जाणं म्हणजे वर्षाच्या मिळकतीवर पाणी सोडणं. मिश्रीवर बदलाच्या टप्प्यांचं प्रारूप, म्हणजे माणूस सवय टप्प्याटप्प्याने सोडतो ही मांडणी, नीट बसते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी ते १९८३ मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांवरून मांडलं. जी आजी अजून सोडायचा विचारही करत नाही तिला सोडण्याची तारीख विचारणं व्यर्थ, हे त्यातून लगेच कळतं. हर्नियाचं ऑपरेशन "गणपती झाल्यावर बघू" म्हणून पुढे ढकललं जातं, कारण निर्णय घेणारा चाकरमानी तेव्हाच येणार असतो. ही टाळाटाळ आहे की कुटुंबाची निर्णयपद्धती, यावर आठवडाभर चर्चा चालते.

९. रुग्ण आधी देवळात कौल लावून किंवा मांत्रिकाकडे जाऊन आला असेल तर विद्यार्थ्याला काय शिकवायचं?

विचारायला शिकवायचं. मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे आठ प्रश्न इथे फार उपयोगी पडतात. त्यांचा गाभा असा: तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं? आत्ताच का सुरू झालं? याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कोणते उपचार व्हावेत असं वाटतं? हे प्रश्न सरळ विचारले तर गाऱ्हाणं घातल्याचं, "देवाचा काय चुकला" असं घरात बोलणं झाल्याचं रुग्ण स्वतःच सांगतो. न विचारता हसलं की तो पुढच्या वेळी लपवतो, आणि त्या लपवण्यात औषध बंद केल्याचंही लपलेलं असतं.

रवळनाथाला गाऱ्हाणं घालून कोणी बीपीची गोळीही घेत असेल, तर डॉक्टरचं काही बिघडत नाही. त्यावर भाषण देऊ नये.

पण एक रेघ स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. अशा वेळी समजून घेण्याचे प्रश्न नंतर, आधी रुग्ण हलवायचा. हा फरक आम्ही फाटे फुटणाऱ्या संवादातून शिकवतो, आणि त्यात वेळेचं घड्याळ लावतो.

१०. खऱ्या रुग्णाचं संभाषण रेकॉर्ड करून वापरलं तर?

शक्यतो नको. लेखी संमती घेतली तरी अडचण उरते, कारण इथे आवाजावरून माणूस ओळखतात. "देवगडकडची, दोन मुलगे मुंबईत, नवरा होडीवर" एवढ्यावर अख्ख्या पंचक्रोशीला नाव कळतं. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं शहरात कदाचित म्हणता येईल, इथे नाही. शिवाय ओपीडीत डॉक्टरने संमती मागितली तर "नाही" म्हणायला किती जण धजतील? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली आणि मागे घेता येणारी असावी लागते. एकदा चाळीस फोनवर उतरलेली फीत मागे कशी घेणार?

खऱ्या प्रसंगांवरून संवाद लिहा, दोन-तीन माणसं एकात मिसळा, गाव, व्यवसाय, वय बदला, आणि तो अभिनयाने रेकॉर्ड करा. कुणाकडून, ते पुढच्या प्रश्नात.

११. रुग्णाचं काम कोण करणार? विद्यार्थ्यांनी एकमेकांत केलं की ते हसत सुटतात.

दशावतारी. हे थट्टेने म्हणत नाही. प्रशिक्षित माणसाला रुग्ण बनवून शिकवायची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. त्यासाठी जे कसब लागतं, म्हणजे कथानक ठाऊक असणं पण संवाद समोरच्याच्या बोलण्यावर उत्स्फूर्त रचणं, ते तर दशावतारी नटाचं रोजचं काम. लेखी संहिता नसताना तो रात्रभर संवाद ओढतो. पावसाळ्यात प्रयोग थांबलेले असतात, म्हणजे वेळही असतो. रत्नागिरीकडे नमन-खेळ्यांतली मंडळी हेच काम उत्तम करतात.

त्यांना पैसे द्या, आणि मानधन आधी ठरवा. भूमिका देताना आजाराची लक्षणं कमी, माणूस जास्त सांगा: घरी कोण आहे, पैसे कुणाच्या हातात, डॉक्टरकडून काय ऐकायची भीती आहे. आवाजाची पट्टी खाली आणायला थोडा सराव लागतो, नाहीतर छातीत दुखणारा शेतकरी संकासुरासारखा गरजतो.

यातले काही संवाद रेकॉर्ड होऊन धड्यात जातात आणि काही नट थेट फोनवर विद्यार्थ्यांशी बोलतात. शेवटचा सराव मात्र प्रत्यक्ष, समोरासमोर खुर्चीवर. नजर, अंतर आणि स्पर्श फोनवर शिकवता येत नाहीत.

१२. चॅटजीपीटीला "तू रुग्ण हो" सांगून सराव केला तर नाही का चालणार?

पहिल्या दोन-चार सरावांना चालतं. मुलं लाज न बाळगता चुका करतात, रात्री दोन वाजताही तो कंटाळत नाही. पण हा रुग्ण फार समजूतदार असतो. दोन गोड वाक्यांत तो तंबाखू सोडायला तयार होतो, आपल्या भावना मुद्देसूद सांगतो, आणि गप्प कधीच बसत नाही. खरा रुग्ण खिडकीबाहेर बघतो. मालवणी बोलायला सांगितली तर मराठीवर चार शब्द शिंपडल्यासारखी येते. त्यातून आत्मविश्वास तेवढा वाढतो आणि पहिल्याच ओपीडीत उतरतो.

खऱ्या रुग्णाची कोणतीही माहिती त्यात घालायची नाही. कारण दहाव्या प्रश्नात आहे.

१३. परीक्षा कशी घ्यायची? ऑनलाइन एमसीक्यू सगळे कॉपी करतात.

करू द्या. एमसीक्यू इथे आठवण्याच्या सरावासाठी आहेत, गुणांसाठी नाहीत. कितीही वेळा सोडवा. गुण द्यायचे ते दोन गोष्टींना. एक, प्रत्यक्ष संवाद, ओस्कीच्या (स्थानकास्थानकावर कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेच्या) एका स्थानकावर. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये आणलेली ही पद्धत आता सगळ्यांना ओळखीची आहे. तपासणी-यादीत "सहानुभूती दाखवली" असं मोघम लिहू नका. "रुग्णाचं पहिलं वाक्य न तोडता पूर्ण होऊ दिलं", "रुग्णाला काय वाटतं ते विचारलं", "शेवटी ठरलेलं रुग्णाच्याच तोंडून वदवून घेतलं" असं दिसणारं, ऐकू येणारं लिहा. दोन, स्वतःच्या संभाषणाची स्वतः केलेली चिकित्सा: कुठे थांबायला हवं होतं, कोणता प्रश्न राहिला. ती यंत्राकडून लिहून आणली तर तोंडी दोन प्रश्नांत उघडी पडते.

१४. ऑनलाइन वेळ हजेरीत धरतात का? ॲटकॉमशी याचा काय संबंध?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाची एमबीबीएससाठीची अट थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीची आहे. वेबवरचं काम त्यात धरलं जाईल असं गृहीत धरू नका. विभागप्रमुखांचा लेखी आदेश असेल तरच मोजा. म्हणूनच हे काम आम्ही वर्गाच्या जागी ठेवत नाही, वर्गाच्या आधी आणि नंतर ठेवतो.

ॲटकॉम, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं मॉड्यूल, २०१८ मध्ये आलं आणि २०१९ च्या क्षमताधारित अभ्यासक्रमापासून सक्तीचं झालं. त्याचे तास वेळापत्रकात आधीच असतात, त्यामुळे सहाव्या प्रश्नातला आठवडा त्याला जोडणं सगळ्यात सोपं. नवा तास मागायला गेलात तर वर्ष जाईल.

१५. नर्सिंग, बीएएमएस, एएनएम यांना हे चालेल का?

चालेल, आणि मिश्र गट जास्त चांगला. रुग्ण डॉक्टरला जे सांगत नाही ते सिस्टरला सांगतो, हे इंटर्नला चर्चेत वाचायला मिळालेलं बरं. एएनएमसाठी इंग्रजी वाचन काढून टाका, बाकी काही बदलायची गरज नाही.

१६. पीएचक्यू-९ शिकवताना ती गुगल फॉर्मवर विद्यार्थ्यांकडूनच भरून घेतली. ठीक आहे ना?

नाही, आणि याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायची चाळणी-प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण ० ते २७ गुण. नववा प्रश्न मरून जावंसं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म पाठवला की तो कुणीतरी रात्री अकराला भरणार, नवव्या प्रश्नाला "जवळजवळ रोज" म्हणणार, आणि तो प्रतिसाद सोमवारी सकाळपर्यंत एखाद्या तक्त्याच्या ओळीत पडून राहणार. त्या मुलाने मात्र कुणाला तरी सांगितलेलं असतं. हे विचारलंत तर ऐकायला माणूस हवा, त्याच दिवशी.

म्हणून शिकवण्यासाठी काल्पनिक रुग्णाची भरलेली प्रश्नावली द्या आणि विद्यार्थ्यांना गुण काढायला, पुढचा प्रश्न विचारायला सांगा. खरंच तपासणी करायची असेल तर ती अभ्यासक्रमाच्या बाहेर, गोपनीय, आणि जबाबदार मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध असतानाच. शिक्षकाने, म्हणजे गुण देणाऱ्याने, ती बघायचीच नाही.

१७. चर्चेत विद्यार्थ्याने स्वतःचंच दुःख लिहिलं तर?

हे होतंच. दारूच्या केसवर चर्चा चालू असते आणि कुणीतरी बापाबद्दल लिहितो. शिक्षकाने ती नोंद गटापासून आधी झाकावी आणि पुसू मात्र नये. त्याच दिवशी फोन करून, "तू लिहिलेलं मी वाचलं, इतरांना दिसू द्यायचं का ते तू ठरव" एवढं म्हणावं. गटासमोर सांत्वन करत बसू नये.

जिवाला धोका वाटला तर गोपनीयता मागे राहते. एकटं सोडू नका, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक धड्याच्या खाली ठेवा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. मुलांना पोलीस केसची भीती असते, म्हणून हेही सांगा: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नसते.

१८. पूर किंवा वादळ आलं तर अभ्यासक्रम चालू ठेवायचा का?

धडे थांबवा, संपर्क चालू ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी इंटर्न थेट निवारा केंद्रात असतात आणि त्यांना एकच गोष्ट लागते: मानसिक प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका तीन कामं सांगते, पाहा, ऐका आणि जोडून द्या. कुणाला काय तातडीने हवंय ते पाहा, बोलायचं असेल त्याचं ऐका, आणि औषध, कागदपत्रं, हरवलेलं माणूस यांच्याशी जोडून द्या. जे घडलं ते सविस्तर सांगायला लावू नका, त्याने फायदा होत नाही.

ही दोन पानं आणि पाच मिनिटांची फीत मे महिन्यातच सगळ्यांच्या फोनवर उतरवून ठेवावी. पाणी चढल्यावर नेट नसतं.

१९. रुग्ण इथे आणि निर्णय घेणारा मुलगा मुंबईत. फोनवरच्या संवादाचं वेगळं प्रशिक्षण हवं का?

हवं, आणि ते वेबवर उत्तम होतं, कारण प्रसंगच फोनचा आहे. टेलीमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यात ओळख पटवणं, संमती आणि नोंद ठेवणं या बाबी आहेत, त्या वाचायला द्याव्यात. सरावाचा प्रसंग असा ठेवा: आई शेजारी बसली आहे, स्पीकर चालू आहे, मुलगा रागावून म्हणतो, "बांबोळीला न्यायचं होतंत ना!" (बांबोळी म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय.) विद्यार्थ्याने आधी आईला विचारायचं की मुलाला किती सांगू. मग स्पीकर ठेवायचा की नाही ते ठरवायचं. मुलाचा राग हा इथे नसल्याचा राग असू शकतो, हे चर्चेत मुलंच शोधून काढतात.

२०. रुग्ण आणि विद्यार्थी एकाच वाडीतले निघाले तर?

कोकणात हा अपवाद नाही, आठवड्यातून एकदा येणारी गोष्ट आहे. प्रत्यक्ष ओपीडीत रुग्णाला सरळ विचारायचं: "आपण ओळखीचे आहोत. माझ्याशी बोलायला चालेल की दुसऱ्या डॉक्टरांना बोलवू?" चालेल म्हणाला तरी एड्स, गर्भपात, दारू, मानसिक आजार असे विषय निघाले की तेच पुन्हा विचारायचं. घरी आई विचारेल, "अमकी दिसली का गे ओपीडीत?" त्याचं उत्तर आधीच तयार हवं: "माका थयचा काय सांगूक गावणा नाय" (मला तिथलं काही सांगता येत नाही). हे वाक्य आम्ही पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

चर्चेत अशा ओळखीच्या रुग्णाबद्दल लिहायचंच नाही, तपशील बदलूनही नाही. रविवारचं काम त्या आठवड्यात काल्पनिक प्रसंगावर केलं तरी पूर्ण गुण मिळतात, आणि कारण विचारलं जात नाही.